खोडसांग्या

माझ्या दिराच्या मुलाला, कुणी विचारो न विचारो, असलेली खोड सांगायची सवय होती. म्हसाच्या जत्रेत बाप बैल विकायला उभा होता. गिऱ्हाईक दात बघून राजी झालं, तेवढ्यात हा म्हणाला, "चिखलात बसतो तो. मग उठत नाय." गिऱ्हाईक गेलं, बैल घरी आला आणि सगळं सापगाव पोराला खोडसांग्या म्हणू लागलं. बाप दोन दिवस धुमसत राहिला. तिसऱ्या दिवशी बैल चिखलात बसला, तेव्हा त्यालाच हसू आलं.

जत्रेत खोड लपवणं आमच्याकडे पाप नाही. ओळखायचं काम घेणाऱ्याचं. ह्याला ते कधी पटलं नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि हा विमान चालवायला शिकायला गेला. सुट्टीत माझ्या पडवीत बसून मोठमोठ्याने पाठ करी. माझी शाळा चौथीपर्यंत, तरी तांदूळ निवडता निवडता मी विचारायची.

"पेट्रोल कुठं ठेवतात रे?"

"पंखांत."

"मग पोटात काय?"

"मी."

इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची जोडी असते, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान खाली आणता येतं, हे इतक्या वेळा ऐकलं की त्याच्या जागी मला परीक्षेला बसवलं असतं तरी चाललं असतं.

ती परीक्षा लायसनची होती. लायसनवाल्यांना एक कंपनी त्याच महिन्यात नोकरीला बोलावत होती. परीक्षक लांबून आले होते. उडायच्या आधी जोडीतलं एकेक यंत्र बंद करून बघायचं असतं. एकावर इंजिन थरथरायला लागलं. काजळी जळेल म्हणून त्याने ते जरा जोरात चालवून बघितलं, थरथर गेली नाही. आदल्या दिवशी तेच विमान उडवून पास झालेला मित्र म्हणाला होता, "थोडं हलतं, बोलू नकोस. लिहिलंस तर विमान उभं राहील, सगळ्यांची पाळी जाईल." ह्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि बिघाड लिहून दिला.

प्लगवर काजळी होती. अर्ध्या तासाचं काम. पण मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला, तोवर परीक्षक निघून गेले होते. नोकरी मित्राला लागली. हा घरी येऊन भात लावू लागला.

माझी जाऊ रोज कपाळ बडवी. "गप बसला असतास तर काय झालं असतं?"

"काय नसतं झालं बहुतेक," तो म्हणे.

"मग?"

"आये, वर बांध नसतो. औत सोडून बसायचं कुठं?"

मला तेव्हा तो मूर्खच वाटला. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. तो हसला आणि भाताच्या रोपांची, आवणाची पेंडी उचलून चालू लागला.

पुढच्या वर्षी परीक्षा झाली, लायसन मिळालं, नोकरीही लागली, लांब दक्षिणेत. निघायच्या दिवशी बॅग घेऊन पाया पडायला आला. मी चहा ओतला, तो बशीबाहेर गेला.

"हात हलला," मी म्हटलं.

"हात नाय, डोळा." त्याने बॅग खाली ठेवली.

"एसटी येईल रे."

"येऊ दे. आधी सांग."

शहापूरची एसटी आली, थांबली, गेली. हा बसलेलाच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "उजव्याने धुकं दिसतं. वर्ष झालं. डाव्यावर चालतंय की!"

"काकी, दुसरं असतं ते घरी परत यायला. एकट्या त्याच्यावर निघायचं नसतं."

पुढच्या एसटीला वेळ होता. तेवढ्यात त्याने माझ्या मुलाला शेतातून बोलावून माझी खोड सांगितली आणि मग गेला.

शहापूरला मोतीबिंदू काढला. आता वरून विमान गेलं की दोन्ही डोळ्यांनी दिसतं. आत तो आहे की दुसरा कुणी, ते कळत नाही. चहा मात्र बशीत पडतो.