मोहाच्या हंगामातले आकडे

वहीत तीनशे बारा लिहिलं होतं. आदल्या दिवशी दोनशे अठ्ठ्याण्णव, त्याच्या आदल्या दिवशी तीनशे पाच. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि समोर बसलेल्या शेवंताबाईंवर डाफरले.

"रात्री खाता तरी काय?"

"मूठभर भात नि भाजी. चहाबी बिनसाखरेचा."

"मग साखर काय हवेतून येते? मशीन खोटं बोलत नाही, बाई."

त्यांनी मान खाली घातली. वही पिशवीत ठेवली.

मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. शेवंताबाई साठीच्या. त्या रात्री इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात, सून कविता टोचते. हे इन्सुलिन रात्रभर हळूहळू काम करतं. त्याचा डोस बरोबर आहे की नाही, ते सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून कळतं. त्यासाठी घरी ग्लुकोमीटर. बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, आकडा वहीत लिहायचा. मीच शिकवलं होतं. महिनाभर आकडे दीडशेच्या आत होते. मग आठवडाभरात हे असं.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"सिस्टर, पेशंट पथ्य पाळत नाहीये."

"त्या नाही म्हणतात, सर."

"सगळेच नाही म्हणतात. रात्रीचे सहा युनिट वाढवा."

खरं तर तिथंच मी माझ्या हातानं एकदा तपासायला हवं होतं. ओपीडीत गर्दी होती. शिवाय गावात लग्नं सुरू होती, बाईंनी बुंदीवर ताव मारला असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कविताचा फोन आला. "नर्सबाई, लवकर या! सासूबाई मोहाखाली बसून गेल्या. घामानं ओल्या झाल्या, हात थरथरून राह्यले."

स्कूटी काढली. चैतात आमच्याकडे अर्धं गाव पहाटे जंगलात असतं. मोहाची फुलं झाडाखाली पडतात, ती ऊन चढायच्या आत वेचायची. शेवंताबाई झाडाला टेकून बसल्या होत्या, शेजारी अर्धी भरलेली टोपली. त्यांनी दोन-तीन मुठी मोहफुलं खाल्ली होती. "खाऊन जरा डोळ्याची अंधारी गेली," असं पुटपुटल्या.

मी त्यांचा हात धरला, बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. तीनशे एक्केचाळीस.

मी चक्रावले. असा घाम, असा थरकाप साखर उतरल्यावर येतो. मशीन सांगत होतं, साखर चढली आहे. कुणाचं खरं मानायचं?

त्यांचा हात सोडला, तर माझीच बोटं एकमेकांना चिकटली.

मोहाचं फूल म्हणजे साखरेची पिशवी. दोन तास वेचलं की बोटांवर चिकट थर बसतो. तो रक्ताच्या थेंबात मिसळला की पट्टी त्याचीही साखर मोजते. मी बाटलीतल्या पाण्यानं त्यांचा दुसरा हात चोळून धुतला, स्वच्छ रुमालानं कोरडा केला, नवं बोट टोचलं.

बासष्ट. तेही मोहफुलं पोटात गेल्यावर. साखर चढलीच नव्हती, आम्ही वाढवलेल्या डोसनं उलट उतरली होती.

लगेच साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर आला होता. मग विचारलं, "रोज मशीन कधी लावता?"

"मोह वेचून घरी आलं का. तवा उपाशीच असते ना मी."

"हात धुता का आधी?"

"तुम्हीच त म्हणाल्या, स्पिरिटचा कापूस सरला त पुसून घ्या. पदराले पुसते."

त्याच पदरात त्या मोह वेचून टोपलीत ओतायच्या. आठवड्यापूर्वी मोह पडायला लागला, आकडेही तेव्हापासूनच चढले होते. 'पुसून घ्या' हे शब्द माझेच होते. घाईत बोलले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांना तिथूनच फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोस पहिल्यासारखा करा. आणि सिस्टर, त्यांना माझ्याकडूनही सॉरी म्हणा."

मी माझंही त्यात मिळवून सांगितलं. शेवंताबाई म्हणाल्या, "मशीन खोटं बोलत नाई म्हणल्या ना तुम्ही. मले वाटलं, मंग मीच झोपेत उठून खात असन. तीन दिवस सुनेले डब्बे लपवाले लावले."

मला रडू आलं, आणि ते लपवताही आलं नाही.

आता मी कुणाचाही आकडा वाचण्याआधी दोन गोष्टी विचारते. टोचण्याआधी हातानं काय काम केलं? साबणानं धुऊन कोरडे केले का? माणसाच्या पथ्यावर शंका घ्यायची वेळ त्यानंतर येते, आणि बहुतेकदा येतच नाही.

परवा शेवंताबाईंच्या घरी गेले. मशीन हातात घेतलं, तर त्यांनी तांब्या पुढं केला.

"आधी तुमचे हात धुवा, नर्सबाई."

मी मुकाट्यानं धुतले.