लाल बटण

निफाडकडच्या आमच्या आजोळी कुणाच्या द्राक्षबागेवर रोग आला की लोक आधी औषधाच्या दुकानात जात नाहीत, सावळीराममामांकडे येतात. मामा पान उलटं करून बघतात, बोटाने पुसतात आणि कोणतं औषध, किती, आणि बंद कधी करायचं, एवढंच सांगतात. बंद कधी, हे जरा मोठ्याने. परदेशी जाणाऱ्या मालात औषधाचा अंश सापडला तर माल नाकारतात. म्हणून तोडणीआधी ठरावीक दिवस फवारणी थांबवायची, नमुना तपासायला पाठवायचा, रिपोर्ट स्वच्छ आला की कात्री लावायची. वीस वर्षांत मामांचा एकही नमुना नापास झाला नाही. याचा त्यांना अभिमान होता, मलाही होता. आता तो आठवला की तोंड कडू होतं.

मी सुनील, त्यांचा भाचा, नाशिकला एका कचेरीत कारकून. घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे दवाखाना म्हटलं की माझीच वर्णी. चार वर्षांपूर्वी कुसामामी सारखी दमायला लागली, डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं लागायला लागलं, तेव्हा मीच तिला शहरातल्या दवाखान्यात आणलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. मामी पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायला गेली, मामा तिच्या मागे गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं.

"निफाडचे ना? विहिरीवर मोटार असेलच," त्या म्हणाल्या. "मग सोपं आहे. पेशींमध्ये निरोप देणारी प्रथिनं असतात. गरज पडली की एखादं प्रथिन पेशीला सांगतं, वाढ. काम झालं की गप्प बसतं. मोटारीच्या स्टार्टरसारखंच, हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. मामींच्या हाडांत जिथे रक्त तयार होतं, तिथल्या काही पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे चुकून एकमेकांना जोडले गेलेत. त्यातून जे प्रथिन बनतं त्याचं हिरवं बटण आत अडकून बसलंय. पाणी हवं असो नसो, मोटार चालूच. ही गोळी म्हणजे लाल बटणावर दाबून धरलेलं बोट. रिपोर्ट कितीही चांगला आला तरी आपल्या मनाने बोट काढायचं नाही. घरी नीट समजावून सांगा."

मी मान डोलावली. बाहेर आलो तर दीड वाजला होता आणि साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. मामांनी विचारलं, "काय म्हणल्या बाई?"

"रोज एक गोळी, जेवण झाल्यावर. चुकवायची नाही."

चौथी शिकलेल्या मामांना पेशी आणि प्रथिनं सांगत बसणं म्हणजे डोकेफोड, असं वाटलं मला. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. मला ऑफिस गाठायचं होतं.

गोळी लागू पडली. तिसऱ्या महिन्यात मामी बागेत घड विरळायला उभी होती. मी दर महिन्याला गोळ्या घ्यायचो आणि निफाडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पुडकं द्यायचो. मामा स्टँडवर थांबलेले असायचे. दोन वर्षांनी रिपोर्ट आला, आजाराचा मागमूस नव्हता. तो मी त्यांना फोनवरच वाचून दाखवला, जरा तोऱ्यात.

मामांनी गोळ्या बंद केल्या. त्या गोळ्यांनी मामीच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, सकाळी डोळे सुजलेले असायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. नमुना स्वच्छ आला, आता अंगात औषध कशाला ठेवायचं, असा सरळ हिशेब. बागेत जे वीस वर्षं बरोबर ठरलं तेच त्यांनी बायकोसाठी केलं, आणि मायेनं केलं.

मला एवढंच म्हणाले, "सुनील, गोळ्या धाडू नको. हायेत अजून."

रोज एक गोळी घेणाऱ्या माणसाकडे गोळ्या शिल्लक कशा राहतील, हे आकडेमोडीत आयुष्य घालवणाऱ्या मला विचारावंसं वाटलं नाही. माझी खेप वाचली होती. नंतर एकदा मामीचाच फोन आला. मी स्कूटरवर होतो, द्वारका चौकातल्या सिग्नलला.

"गोळ्या आता लागत नाय म्हणतात तुझे मामा. खरं का रे?"

लाल बटण डोळ्यांपुढे येऊन गेलं. मागून हॉर्न वाजायला लागले. "मामा म्हणतात तर विचारूनच म्हणत असतील," म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

आठ महिन्यांनी मामीला ताप यायला लागला, अंगावर काळेनिळे डाग उठले. बाईंनी पुन्हा ती गोळी दिली, मग तिच्याहून कडक दिली. म्हणाल्या, औषध थांबवल्यावर सगळ्यांचं असं होत नाही, पण यांच्या आजाराने रूप बदललंय. बटणाचा आकारच बदलला होता, बोट त्यावर बसत नव्हतं. बागेत तोडणी सुरू व्हायच्या आधी मामी गेली.

दोष कुणी कुणाला दिला नाही. मामांनी स्वतःलाच दिला आणि मी तो त्यांच्याकडे राहू दिला.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी विहिरीवर गेलो. मामा स्टार्टर उघडून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "त्या दिवशी बाईंनी तुला आत बसवलं होतं. काय सांगितलं होतं रे?"

खोटं बोलायला जागा होती. पण मी सगळं सांगितलं, हिरवं बटण, लाल बटण, दाबून धरलेलं बोट, सगळं. मामा पेचकस हातात धरून ऐकत राहिले. मग त्यांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. आवाज चढला नाही त्यांचा.

"मग सांगायचं ना, सुनील," ते म्हणाले. "स्टार्टर तर मला कळतो."