हात वर करून घेतलेला निकाल

आमच्या बाबांना दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांचं भविष्य घडवायची खुमखुमी यायची. राजधानीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्यांमधून काही मुलं जेवायला यायची. लातूर, बुलढाणा, सांगलीकडची. यूपीएससीची तयारी करणारी, मेसच्या राजम्याला विटलेली. आईच्या हातचं वरण-भात, पोळ्या आणि बटाट्याची भाजी मिळायची, पण त्याआधी बाबांचा मॉक इंटरव्ह्यू. बाबा चेअरमन, बाकीची मुलं मेंबर, आणि एकेकाने मधल्या खुर्चीत बसून सोलून घ्यायचं. बाबा एका मंत्रालयात अधिकारी होते. तिथे त्यांचं फारसं कोणी ऐकत नसावं, असा माझा तेव्हाही अंदाज होता.

बारावीनंतर मला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. आमच्या कॉलनीत हे नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईच्या एका कॉलेजात ते शिकवत होते. माझं कारण घरातच होतं. आईला फार कमी ऐकू यायचं. तिचं श्रवणयंत्र म्हणजे ब्लाउजला अडकवलेली डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. कुकरची शिट्टी तिच्या डोक्यात घुसायची आणि माणसाचं बोलणं मात्र पोचायचं नाही. रविवारी तर बाबा ते यंत्र काढूनच ठेवायला लावत, पाहुण्यांसमोर ते मध्येच कुंई करतं म्हणून. मला यापेक्षा चांगलं यंत्र बनवायला शिकायचं होतं. इतकी साधी गोष्ट होती.

मी हे सांगितल्यापासून आईच्या अंगात वारं शिरलं होतं. शेजारणींना ती सांगत सुटली होती की मुलगी मुंबईला इंजिनिअर व्हायला चाललीय. बाबा मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. सरळ नाही म्हणणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं.

"अर्ज पाठवायचा की नाही ते रविवारी बोर्ड ठरवेल," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत. रविवारी त्यांनी खरंच मला मधल्या खुर्चीत बसवलं.

"व्हाय बायोमेडिकल?" एरवी ते माझ्याशी कधी इंग्रजीत बोलत नसत.

मी आईचं सांगितलं, आणि मराठीतच सांगितलं.

"पर्सनल रीझन. वीक आन्सर," त्या मुलांमधला सगळ्यात मोठा, मिशीवाला म्हणाला. स्वतः परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटलेला होता. "अगं, आता आयात सगळी खुली झालीय. मशिनं जर्मनी-जपानहून खोक्यात पॅक होऊन येणार. तू काय करणार, खोकं उघडणार?"

सगळे खो खो हसले. "तेवढं जमेल तिला," बाबा म्हणाले, आणि सगळे आणखी हसले.

"आणि लग्नाच्या वेळी काय सांगायचं सर? मुलगी कानाचं यंत्र रिपेअर करते?" दुसऱ्याने विचारलं.

उत्तर माझ्याकडे होतं. गोंगाटातून शब्द वेगळे कसे काढतात त्यावर मी लायब्ररीत बसून वाचलं होतं. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं.

"यार, ही तर रडायला लागली!"

"प्रेशर झेपत नाही," बाबांनी शेरा मारला. "चलो, मतं घेऊ. अर्ज पाठवू नये असं कुणाकुणाला वाटतं?"

आमच्या घरी पोटभर जेवणारे हात एकेक करून वर गेले. एकजण घुटमळला. त्याने बाबांकडे पाहिलं, मग हळूच त्यानेही हात वर केला. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला, अजूनही येतो.

"एकमताने नामंजूर," बाबा म्हणाले. "बी.कॉम. कर. नोएडाला नवी ऑफिसं उघडतायत, घरून ये-जा होईल."

तेवढ्यात दारात आई दिसली. पोळ्यांचा डबा तिच्या हातात तसाच होता. तिने वर गेलेले सगळे हात पाहिले होते, हसरे चेहरे पाहिले होते आणि माझं डोळे पुसणंही पाहिलं होतं. तिचा चेहरा एकदम उजळला. "सगळ्यांनी हो म्हटलं?" तिने बाबांना विचारलं.

बाबांनी मान डोलावली. मुलं खाली बघून हसू दाबत होती.

आई आत पळाली. जेवण लांबलं, कारण तिने शिरा करायला घेतला होता, भरपूर तूप घालून. पानं वाढताना तिने एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमच्यामुळे हिचं झालं रे बाबांनो," ती म्हणाली.

"काकू, शिरा एकदम मस्त," मिशीवाल्याने बोटांनी खूण केली आणि वाटी पुढे केली. आईने त्याला पुन्हा वाढलं.

मग ती माझ्याशेजारी येऊन बसली. "मुंबईला कधी निघायचं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे भात कालवत होते.

"जायचं नाहीये, आई," मी म्हणाले.

तिला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणून तिने हसतच कान माझ्या तोंडाशी आणला. मी पुन्हा सांगितलं, तरी कळेना. शेवटी सगळ्यांसमोर मला ते ओरडून सांगावं लागलं.