तासिका तत्त्वावरची कुसुम बोरसे

आपला पगार सहसा कुणी सांगत नाही. कुसुम बोरसे पहिल्या भेटीतच सांगायची. धुळ्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी कुसुम. वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. शिकवला तास तर पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की सगळे खूश, मी सोडून." मी ओशाळून हसले. ती हसली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिनं उत्तरेतल्या एका संस्थेतून वन्यजीव संरक्षणाची पदव्युत्तर पदवी घेतली होती. आमच्याकडे त्या पदवीचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. वडील दोंडाईच्याच्या मिरची बाजारात कारकून. घरात दोन मुली, दोघी हुशार; पण इतक्या लांब शिकायला एकीलाच पाठवणं झेपणारं होतं. कुसुम गेली. धाकटी मंगल दहावीनंतर घरी बसली आणि वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं. "ती रडली असती तर बरं झालं असतं," कुसुम म्हणायची. "उलट माझी बॅग भरून दिली तिनं."

पदवी घेऊन ती वनखात्याच्या एका साहेबांना भेटली. साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "बाईमाणूस जंगलात एकटी कुठं फिरणार?" अधिकारी व्हायची परीक्षा तिनं दोनदा दिली, थोडक्यात राहिली, आणि मग वय उलटलं. कॉलेजात कायम जागेसाठी अर्ज केला तो परत आला. शेरा होता : पदवी वनस्पतिशास्त्राशी समकक्ष नाही. "गंमत बघ," ती मला म्हणाली, "शिकवायला समकक्ष आहे, कायम करायला नाही." दरवर्षी ती विद्यापीठाला पत्र पाठवायची. दरवर्षी एकच उत्तर यायचं, विचाराधीन.

शिकवायची मात्र जीव ओतून. भर उन्हाळ्यात पोरांना लळिंगच्या डोंगरावर न्यायची. "पानं असताना कुणीही ओळखेल. सालीला हात लावा आणि सांगा, हा धावडा की सालई?" पोरं वैतागायची, पण वर्षाच्या शेवटी ओळखायची. त्यातलीच एक वंदना, साक्रीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती एक प्रवेशअर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आली. कुसुमची संस्था, कुसुमचीच पदवी. मागे वडील उभे होते, टोपी हातात.

"ताई, पोर हट्टले पेटेल शे," ते म्हणाले. "इतलं शिकीसन नोकरी लागी का?"

मला वाटलं, कुसुमचा चेहरा उजळेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या वाटेनं यायला निघालं होतं. तिनं त्यांना बसवलं. एरवी कॉलेजात शुद्ध बोलणारी कुसुम त्या दिवशी गावच्या बोलीत बोलली. "भाऊ, बठ्ठं खरं सांगस. पाच वरीस व्हई ग्यात, माले आझून पक्की नोकरी नही." मग काही हातचं न राखता तिनं सांगितलं. किती खर्च आला, वनखात्यात काय झालं, अर्ज का परत आला, मंगलचं काय झालं. शेवटी म्हणाली, "तिले वनस्पतिशास्त्रमा एम.एस्सी. करू द्या."

वंदनाचे डोळे भरले. "मॅडम, जंगल तुम्हीच दाखवलंत ना?"

"दाखवलं. पण त्याच्यावर घर चालत नाही, हे दाखवायचं राहिलं होतं."

वंदनानं ऐकलं. पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाली. तीन वर्षांनी आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची कायम जागा मंजूर झाली आणि जाहिरात आली. कुसुमचा अर्ज छाननीतच बाद झाला. मुलाखतीच्या दिवशी ती नेहमीसारखी तास घेत होती. दुपारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "बोरसे मॅडम, शनिवारपर्यंत चार्ज देऊन टाका. नवीन मॅडम तुमचीच विद्यार्थिनी आहे, बरं झालं."

चार्ज देणं म्हणजे आठ वर्षांत तिनं गोळा केलेले वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने. एकेक कागद उघडून, कुठल्या नाल्यात सापडलं, कुठल्या महिन्यात फुलतं, हे ती दोन दिवस वंदनाला समजावत होती. दुसऱ्या दिवशी वंदना हुंदके द्यायला लागली. "मॅडम, मला ही नोकरी नको असं लिहून देते."

"खुळी आहेस का? तू नाही म्हणालीस तर दुसऱ्याला घेतील. मला नाही घेणार." आणि पुढचा कागद उघडला. "हे बघ, याचं देठ नाजूक आहे, जपून."

निरोपसमारंभ झाला नाही. तासिकावाल्यांचा करत नाहीत.

वर्षभरानं एका लग्नासाठी जळगावला गेले, तेव्हा तिला भेटले. ती एका खाजगी प्रयोगशाळेत लागली होती, केळीची रोपं तयार करायला. बरण्यांच्या रांगा लागलेल्या, प्रत्येकीत तीच रोपं. पानापानानं सारखी. "एकही वेगळं निघालं तर फेकून द्यायचं," ती म्हणाली. "रानात मी नेमकं तेच शोधत हिंडायचे."

बाहेर कडुलिंबाखाली डबा खाताना मी विचारलंच, "वंदनाला तेव्हा जाऊ दिलं असतंस तर? चुकलं असं वाटतं का गं?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात ठेवला.

"नाही. अगदी बरोबर सांगितलं मी," ती म्हणाली. "त्याचाच तर राग येतो."