सासऱ्यांच्या दारावरचे हत्ती

माझ्या सासऱ्यांच्या दारावर दोन हत्ती आहेत आणि त्यांतला एक चुकीचा आहे. दोन्ही मीच कोरले.

सासऱ्यांनी घोड नदीकाठच्या आपल्या गावात नवं घर बांधलं आणि आम्हाला जुन्नरला निरोप धाडला. जावई कोरीव काम करणारा असताना दाराला नुसती चौकट शोभत नाही. वर मधोमध कलश आणि दोन्ही बाजूंना सोंड उंचावलेले दोन हत्ती हवेत! वास्तुशांतीला सगळा गोतावळा जमणार. म्हणजे माझी अब्रूच त्या चौकटीवर बसवायची होती.

नमुना घरातच होता. आईच्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीवर आजोबांनी कोरलेला हत्ती, चार बोटं उंच. दारावर तो बारा बोटं हवा. माझे वडील, आबा, म्हणाले, "दोरा लाव, तीनदा मोज, झालं!"

पण मी पडलो सुधारलेला माणूस. (हे माझं मत. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.) मी बांबूच्या दोन पट्ट्या घासून एकमेकींवर तिरक्या ठेवल्या आणि मधून पितळी खिळा घातला. झाली कैची! आखूड टोकांत नमुन्याचं माप धरायचं, की लांब टोकं आपोआप मोठं माप दाखवतात. खिळ्यासाठी भोकं तीन: एक दीडपटीचं, एक दुपटीचं, एक तिपटीचं. खिळा तिपटीच्या भोकात घालून मी पहिला हत्ती कोरला. असा उतरला, की आबांनीही मान डोलावली! गवंड्याला घाई होती, म्हणून सासऱ्यांनी गाडी पाठवून तो हत्ती आणि कलश आधीच नेले.

मग दुसरा घेतला. ठोकळा कापला, तोही कैचीच्या मापाने. आबा दारातून बघत होते.

"आरं, ह्यो लहान न्हाई का वाटत?"

"आबा, डोळा फसवतो. कैची फसवत नाही."

"मंग बोटं तरी लावून बघ!"

"कुणाची बोटं? तुमची जाड, माझी बारीक! म्हणून तर कैची केली ना?"

आबा तंबाखू मळत अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी मी त्यांना हरवलं, असं मला वाटलं. आठवलं की अजून कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

वास्तुशांतीच्या सकाळी सासरच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. मी ऐटीत दुसऱ्या हत्तीवरचं फडकं सोडलं. सासऱ्यांनी हत्ती उचलून जागेवर धरला. एकीकडे चांगला वीतभर गजराज, आणि दुसरीकडे बरोबर त्याच्या निम्मा! मोठ्याची सोंड कलशावर टेकलेली. धाकट्याची कलशाच्या बुडालाही पोचेना. तो बापडा लांबूनच पाणी मागत असल्यासारखा दिसत होता.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ह्यो आजारी व्हता का?"

"लाकूड… लाकूड आटलं असेल."

"निम्मं?"

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या अंगाला घाम फुटला, आणि घामाबरोबर अक्कलही वाहून गेली. मी म्हणालो, "ते पिल्लू आहे! मुद्दाम केलंय. आई आणि पिल्लू! जुन्नरात हल्ली हीच पद्धत आहे."

सासऱ्यांनी दोन्ही हत्ती निरखले. "बरं. पर आईला एवढालं सुळं? आन् पिल्लालाबी?"

तेवढ्यात माझी बायको गया हिने मला बाजूला ओढलं.

"अवं, रागावू नका. तुमच्या त्या चिमट्याचा खिळा म्या घेतला व्हता. दिव्याची वात सरकवायला."

"चिमटा नाही, कैची! मग?"

"मंग परत घातला की! दिसलं त्या भोकात."

"अगं, तिथं तीन भोकं होती!"

"मला काय ठावं? आन् मामंजी सांगत व्हते, तर तुमी त्यांनाच शिकवलंत!"

चूक खिळ्याची म्हणावी, तर खिळा मुका. गयाची म्हणावी, तर ती माहेरी, म्हणजे बोलायची सोय नाही! मुहूर्त टळत चालला होता. शेवटी धाकट्या हत्तीच्या पायाखाली एक ओबडधोबड ठोकळा सारला आणि तो कसाबसा कलशाच्या उंचीला आणून ठोकला. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! जेवायला बसल्यावर भीमाशंकराकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने मोठ्याने विचारलं, "पावणं, ही जोडी इपरीत का वं?"

सासरे पंगतीत वाढत होते. त्यांनी माझ्या पानात शांतपणे लाडू ठेवला.

"इपरीत कशानं? मोठा हत्ती म्हंजी आमची गया. आन् ठोकळ्यावर उभा हाय, ते आमचं जावईबापू!"

अख्खी पंगत हसली. मी मदतीच्या आशेने गयाकडे पाहिलं. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदराआडून म्हणाली, "माप अगदी बराबर आलंय की वं!"