चुकलेल्या नोंदी

एमडीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझा थिसिस बिडकीनजवळच्या खेड्यांतल्या शेतमजूर बायकांच्या रक्तदाबावर होता. वर्षभर दर बुधवारी एसटीनं जायचे, गावातल्या आशा सेविकेसोबत घरोघरी फिरायचे, नोंदी घ्यायचे. थिसिस जमा करायला तीन आठवडे उरले होते. तिकडे कन्नडला वडिलांनी मेन रोडवर माझ्या दवाखान्यासाठी गाळा घेऊन ठेवला होता. रोज फोन करून ते फरशी कोणती बसवू विचारायचे.

एका दुपारी वॉर्डात काम नव्हतं, म्हणून सहज ते गावाकडं न्यायचं बीपीचं मशीन स्वतःला लावलं. आकडा बराच जास्त आला. वॉर्डातल्या पाऱ्याच्या मशीनवर मोजला तर नेहमीसारखा. मग दुसऱ्या विभागातल्या दोन मैत्रिणींना लावून पाहिलं. दर वेळी तोच फरक. ते मशीन मधल्या काळात बदलून मिळालं होतं, म्हणजे निम्म्या नोंदी त्याच्यावरच्या.

दोन दिवस घास उतरला नाही. कुणाला कळणार होतं? सह्या झाल्या की गठ्ठा लायब्ररीत जाऊन पडणार. डोळे मिटले की मात्र त्या आकड्यांचे रकाने दिसायचे.

तिसऱ्या दिवशी माझ्या गाइड मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

मला वाटलं, आता या झाकायला सांगणार. "विभागात कुणाला नाही," मी म्हणाले.

"मग उद्याच्या सेमिनारला सगळ्यांसमोर तू सांग. आणि त्या बायकांकडं परत जायचं. मीही येते."

सेमिनारला उभी राहिले आणि दोन्ही मशीनचे आकडे वाचून दाखवले. कुणी रागावलं नाही. मागच्या बाकावर दोघं हसले, एवढंच. नोंदी पुन्हा घ्यायच्या म्हणून माझी परीक्षा सहा महिने पुढं गेली. वडिलांना फोनवर सांगितलं, तेव्हापासून त्यांनी फरशीचं विचारणं सोडलं.

नवं मशीन तपासून घेतलं आणि आम्ही पुन्हा गावं पालथी घालायला लागलो. बहुतेकींनी हसून हात पुढं केला. एका बाईला मी चार महिन्यांपूर्वी बीपी आहे, मीठ कमी करा, आरोग्य केंद्रात दाखवा, असं सांगितलं होतं. ती गेली नव्हती. आता मोजलं तर आकडा ठीक होता. मी चूक कबूल केली.

"म्हंजी मला बीपी नाय?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मशीनचा पट्टा दंडावरून सोडवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, माझं काय खरं नाय. म्हून थोरलीचं लग्न उरकून टाकलं. बारावीला व्हती."

मॅडम तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मुलीची चौकशी करत राहिल्या.

एमडी झाल्यावर मी त्याच विभागात शिकवायला, संशोधन करायला लागले. कन्नडला जाऊन सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मास्तरकीच करायची व्हती तर एवढं डॉक्टर कशाला झालीस, बाई?" वर्षभरानं त्यांनी गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिला.

लोक विचारतात, संशोधनाची ओढ कशी लागली. ओढ नव्हतीच, धास्ती होती. अजून आहे. विद्यार्थी नोंदी घेऊन येतात, मी पुन्हा पुन्हा तपासायला लावते आणि ते वैतागतात. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली, चेहरा उतरलेला. "मॅडम, माझं काहीतरी चुकलंय," म्हणाली. मी तिला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "पहिल्या नोंदीपासून सांग."