सरकलेली टीप

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरी कुणीही सांगेल. त्या सकाळी तर तो आवरणंच शक्य नव्हतं. पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या टीमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, व्हिडिओ कॉलवर अगदी शांतपणे सांगत होत्या, “तुझ्या टूलनं औषधांच्या यादीतली टीप एक ओळ खाली सरकवली.”

टूल म्हणजे फॉरमॅटर. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड नीटनेटका मांडून देणारा प्रोग्राम. आमची कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते, आणि कोणतं औषध कुणाला द्यायचं, कुणाला नाही, याचे नियम आम्ही आमच्याच एका छोट्या घरगुती भाषेत लिहितो. पंधरा जणांनी पंधरा तऱ्हांनी लिहिलेले. कुणी एका ओळीत दहा औषधं कोंबतं, कुणी प्रत्येक औषधाला अंगण देतं. हे सगळं एका शिस्तीत आणणारं टूल मी लिहीन, असं मी आपणहून म्हटलं होतं. त्याआधीची चार वर्षं मी फॉर्म भरायचे स्क्रीन करत होते. नाव, वय, मोबाइल नंबर. नाव, वय, मोबाइल नंबर. पुणं सोडून तुळजापूरला परत आल्यावर तर मला त्याहून वेगळं काम मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. हे टूल माझं पहिलं स्वतःचं काम होतं.

आणि त्यानं टीप सरकवली होती. एका औषधाच्या पुढे, स्वल्पविरामानंतर, कुणीतरी कमेंट लिहिली होती: ‘फक्त मोठ्यांसाठी’. कमेंट म्हणजे संगणकासाठी नव्हे, माणसासाठी लिहिलेली टीप. संगणक ती वाचतच नाही. माझ्या टूलनं यादी मोकळी करून प्रत्येक औषध वेगळ्या ओळीवर घेतलं, आणि ही टीप पुढच्या औषधाच्या डोक्यावर नेऊन बसवली. आता वाचणाऱ्याला वाटावं, की ते खालचं, साधं खोकल्याचं औषध मुलांना चालत नाही, आणि वरचं खुशाल चालतं. हे चाचणीच्या प्रतीत सापडलं म्हणून बरं.

“पण ताई, स्वल्पविरामानंतर टीप लिहायचीच कशाला?” मी म्हणाले. “स्वल्पविराम झाला की पुढचं औषध सुरू होतं. लिहिणाऱ्याचीच चूक आहे.”

ताई म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात आढावा आहे. त्या दिवशी आपला सगळा कोड तुझ्या टूलमधून काढू. एकही टीप हलली किंवा हरवली, तर टूल बंद. आणि तू परत फॉर्मच्या स्क्रीनवर.”

कॉल संपला. मी लॅपटॉप मिटला, तो जरा जोरातच.

समोरच्या पाटावर अण्णा, म्हणजे माझे वडील, वही उतरवत बसले होते. आमचं घर पुजाऱ्यांचं. देवीच्या दर्शनाला येणारी ठरावीक गावांची घराणी, म्हणजे आमचे यजमान, पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरतात, आणि त्या घराण्यांच्या वंशावळी आमच्या वहीत असतात. आजोबा, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे, आणि बाजूला टिपा: हा दत्तक गेला, हा लातूरला राहतो, याचा नवस बाकी आहे. कागद फाटत चालला म्हणून अण्णा त्या वर्षी नवी वही करत होते. देवळातली पाळी संपवून ते घरी येत, चहा घेत आणि दुपारपर्यंत लिहीत. मी टेबलावर, ते पाटावर. बाहेर सोलापूरहून आलेल्या गाड्यांचे हॉर्न आणि परडीवाल्यांची ओरड. आमचं दोघांचं ऑफिस ते हेच.

“कुणावर चिडलीस?” अण्णांनी मान वर न करता विचारलं.

“एका शहाण्यावर. टीप चुकीच्या जागी लिहितो आणि खापर माझ्या डोक्यावर.”

“काय झालं नीट सांग की.”

मी सांगितलं. त्यांच्याच वहीतलं पान दाखवून सांगितलं, म्हणजे कळेल म्हणून. ही नावं म्हणजे औषधं समजा, ह्या बाजूच्या टिपा म्हणजे कमेंट. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. मग उठून कपाटातून दोन जुन्या वह्या आणल्या. एक आजोबांच्या हातची. दुसरी त्याहून जुनी, जिच्यावरून आजोबांनी पहिली उतरवली होती.

“हे बघ. तुझ्या आजोबांचं अक्षर मोत्यासारखं. आख्ख्या गल्लीत असं कुणाचं न्हवतं. त्यांना ही जुनी वही लई वेडीवाकडी वाटायची. टिपा कुठं आडव्या, कुठं उभ्या. त्यांनी ठरवलं, सगळ्या टिपा नावाच्या खाली घ्यायच्या. कशी सुंदर दिसती बघ.”

खरंच सुंदर होती. माझ्या टूलनं काढलेल्या पानासारखी.

“मी नवीनच पुजारपण करायला लागलो होतो. मुरुमकडच्या एका खेड्यातलं घराणं आलं. म्हातारीच्या मांडीवर महिन्या-दोन महिन्यांचं लेकरू, देवीच्या पायावर घालायला आणलेलं. मी थाटात वही उघडली. लेकराच्या बापाच्या नावाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, ते मोठ्यानं वाचलं. ‘ह्या शाखेचा वंश खुंटला.’”

मी दोन्ही वह्या जवळ ओढल्या.

“ती टीप त्याच्या थोरल्या भावाची. जुन्या वहीत भावाच्या नावाच्या उजवीकडं हाय, ही बघ. वडिलांनी ती भावाच्या खाली घेतली, आणि तिच्याखाली लगेच ह्याचं नाव आलं. मला कळायचं कसं, वरच्याची का खालच्याची? त्या म्हातारीनं लेकरू उचललं आणि तशीच बाहेर पडली. पुन्हा कधी आमच्या दारात आली न्हाई. आता दुसरीकडं उतरतात.”

“मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही, उतरवताना चूक झाली म्हणून?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “मला वडिलांची चूक म्हणवंना. मी म्हणालो, तुमच्याच माणसांनी तसं सांगितलं असंल.”

मला स्वतःचीच लाज वाटली. तासाभरापूर्वी मीही तेच म्हणाले होते, तेही मोठ्या तावातावानं. मी ताईंना त्याच दुपारी दोन ओळी लिहिल्या: ‘चूक लिहिणाऱ्याची नाही. चूक माझ्या टूलची आहे. आढाव्याला सगळा कोड काढा, मी तयार आहे.’ तयार मी अजिबात नव्हते. पण एकदा म्हटलं की मी मागे हटत नाही, आणि हा माझा एकमेव गुण आहे असं आई म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांचं काम नीट बघायला लागले. इतके दिवस समोर बसूनही बघितलं नव्हतं. ते नाव आधी लिहीतच नव्हते. जुन्या वहीत डाव्या हाताचं बोट नावावर, उजव्या हाताचं टिपेवर ठेवून दोन्ही एकदम मोठ्यानं वाचायचे. मग नवीन पानावर दोन्ही लिहायचे आणि टिपेपासून नावापर्यंत तांबड्या पेनानं बारीक रेघ ओढायचे. टीप पानावर कुठेही गेली तरी रेघ तिला धरून ठेवायची. आणि जिथे कळत नसेल की टीप कुणाची, तिथे जुन्या पानावर जशी वाकडी होती तशीच वाकडी उतरवायचे, वर खूण करायचे आणि त्या घराण्याला फोन लावायचे.

माझ्या टूलचं डिझाइन मी पहिल्यापासून मोडलं. आधी ते कोडची मांडणी ठरवायचं आणि टिपा नंतर जागा मिळेल तिथे कोंबायचं, लग्नात शेवटच्या पंगतीला बसवतात तसं. आता टीप दिसली की पहिलं काम, ती कुणाची हे ठरवून रेघ ओढणं. ज्या ओळीवर कोड आहे त्याच ओळीच्या शेवटी टीप असेल, तर ती मागच्याची, मध्ये स्वल्पविराम असो नाहीतर आणखी काही. एकटी ओळ अडवून बसली असेल, तर पुढच्याची. तिच्याखाली मोकळी ओळ सोडली असेल, तर ती कुणाचीच नाही, तिला तिच्या जागीच राहू द्यायचं. हे झाल्यावरच मांडणी: यादी एका ओळीत मावते का बघायचं, नाही मावली तर यादीचा सगळ्यात बाहेरचा कंस आधी उघडायचा, म्हणजे त्यातलं एकेक औषध वेगळ्या ओळीवर घ्यायचं, मग आतला.

मावण्याच्या मापातही घोळ निघाला. आमच्याकडे बऱ्याच टिपा मराठीत आहेत, आणि माझं टूल अनुस्वार, उकार, मात्रा सगळे वेगळे मोजून ओळ भरली असं समजायचं. दोन दिवस मी ते माप दुरुस्त करत बसले आणि मग कपाळावर हात मारला. ओळीच्या शेवटची टीप मापात धरायचीच कशाला? टीप लांब आहे म्हणून औषधाची जागा का बदलावी? ती मापातून काढून टाकली, आणि अर्ध्या याद्या आपोआप शहाण्यासारख्या बसल्या.

सगळ्यात छळलं ते एका रिकाम्या कंसानं. एका नियमात औषधांची यादी मुद्दाम रिकामी ठेवून आत नुसती टीप होती: ‘इथे काही टाकू नका’. आत कुणी नावच नाही, तर टीप बांधायची कुणाला? माझं टूल कंस मिटवायचं आणि टीप बाहेर फेकायचं. मी अण्णांना विचारलं, “अशी एखादी शाखा आहे का, जिथे नाव नाही आणि नुसतीच टीप आहे?”

“हाय की. जळकोटच्या घराण्यात. ‘धाकटा लहानपणीच घर सोडून गेला.’ नाव कुणालाच आठवंना.”

“मग काय करता?”

“जागा सोडतो. त्याची जागा म्हणजेच तो.”

मी कंसाला टीप धरून ठेवायला शिकवलं.

शंकेच्या जागांवरून मात्र ताईंशी वाद झाला. टूलला ठरवता आलं नाही तर ते त्या तुकड्याला हात लावणार नाही, जसाच्या तसा ठेवेल आणि लिहिणाऱ्याला विचारा म्हणून यादी काढून देईल, असं मी सांगितलं. ताई म्हणाल्या, “फॉरमॅटरनं मांडायचं असतं, विचारायचं नसतं. लोक हसतील.”

“हसू देत. चुकीची टीप वाचून कुणी रडायला नको.”

त्या पलीकडे थोडं हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

आढाव्याच्या दिवशी मी सकाळी देवीला कुंकू लावून आले. आईनं आश्चर्यानं बघितलं, कारण पुजाऱ्याच्या घरात राहून मी देवळात जात नाही ही तिची जुनी तक्रार. ताईंनी सगळा कोड टूलमधून काढला. मग निघालेला कोड पुन्हा टूलमधून काढला. दुसऱ्यांदा काहीही बदललं नाही पाहिजे. मग आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या टिपा, प्रत्येकीच्या शेजाऱ्यांसकट, समोरासमोर लावल्या. एवढ्यावर समाधान न होऊन त्यांनी स्वतः लिहिलेली एक खवचट फाइल दिली, जिथे टिपा कंसात, स्वल्पविरामाआधी, नंतर, जिथे कुणी शुद्धीवर असताना लिहिणार नाही अशा जागी होत्या. तीन ठिकाणी टूलनं हात जोडले आणि ‘विचारा’ म्हणून यादी दिली.

ताई बराच वेळ वाचत होत्या. “ही तीन ठिकाणं मी मुद्दाम अशी लिहिली होती, की उत्तरच नसावं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या टिपा जागेवर आहेत. सोमवारपासून टूल सगळ्यांना.”

मी खुर्चीतून उठून अक्षरशः ओरडले. बाहेरच्या बाकावर बसलेले यजमान दचकले. अण्णा मात्र उठले नाहीत.

“झालं ना? बस आता इथं. मला तपासून दे.”

समोर नव्या वहीचं पान होतं. मी त्यांच्यासारखंच केलं. डाव्या हाताचं बोट नावावर, उजव्या हाताचं टिपेवर. मुरुमकडचं घराणं. थोरल्या भावापाशी ती जुनी टीप, तांबड्या रेघेनं बांधलेली. आणि धाकट्यापाशी, वेगळ्या रेघेनं बांधलेली, ओल्या शाईची नवी टीप. मी मोठ्यानं वाचली: “ही शाखा नांदती आहे. वरची टीप खाली सरकली ती आमच्या वडिलांच्या हातून. तिचा दोष यजमानांवर घातला तो मी.”

“बरोबर बांधली का?”

“बरोबर, अण्णा.”

त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. त्याच घराण्याच्या एका चुलत नातेवाइकाकडून आणलेला नंबर होता. मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून. अण्णा ताठ बसले.

“मी तुळजापूरहून बोलतोय, तुमचा जुना पुजारी,” ते म्हणाले. “तुमच्या माणसांनी काही चुकीचं सांगितलं न्हवतं. ते आमचं चुकलं होतं.”